डोक्यांची किनार

माणूस जिवंत आहे, गेलेला आहे की निवडणुकीला उभा आहे, हे मी लांबून नुसती फोटोची किनार बघून सांगते. पांढरी किनार, कोपऱ्यात समई, खाली मोगऱ्याची ओंजळ, म्हणजे माणूस गेला. सोनेरी किनार, मागे सिंह आणि वरून ठिणग्या उडताहेत, म्हणजे त्याचा वाढदिवस आहे आणि तो बहुधा कामधंदा करत नाही. केळीचे खांब, मोर आणि आंब्याची पानं असली की लग्न. निवडणुकीला काहीही चालतं, सिंहसुद्धा आणि समईसुद्धा.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा गमतीचं लिहा,’ असं सांगून गेले. जाता जाता स्वतःच्या फोटोतले कानाजवळचे पांढरे केस काळे करायलाही सांगून गेले. दोन्ही कामं सोबतच चालली आहेत.

मुरबाडच्या बाजारात माझी पहिली टपरी होती. तिथे मी लग्नपत्रिका टाइप करायची. मग शहापूरला एसटी स्टँडजवळ गाळा मिळाला आणि पत्रिकांच्या जोडीला फोटो आले. आमचे हे टेम्पो चालवतात. त्यांच्या मते मी दिवसभर खुर्चीत बसून लोकांची मुंडकी उडवते. ते काही अगदीच खोटं नाही.

काम सांगते. गिऱ्हाईक मोबाईलवरून फोटो पाठवतं. मी त्यातला माणूस कापून वेगळा काढते. मागची गोठ्याची भिंत, दोरीवरची चड्डी, शेजारचा कुत्रा, सगळं जातं. मग त्या माणसाला तयार चौकटीत बसवते, भोवती फुलं, नक्षी, नाव, तारीख. स्टुडिओवाला याचे भरमसाट पैसे घेतो, मी चहा-वड्याच्या पैशात करून देते. चौकटी मी काढत नाही. त्या कुठेतरी दक्षिणेत बसलेला कुणीतरी काढतो आणि गठ्ठ्याने विकतो. म्हणून किन्हवलीच्या नवरानवरीच्या मागे नारळाची रांग, पाण्यात होडी आणि लांबवर गोपूर असतं. किन्हवलीत होडी कशी आली, असं अजून एकाही नवऱ्याने मला विचारलेलं नाही.

आता हे सगळं मोबाईल स्वतःच करतो. बोट लावलं की चौकट तयार, तीही फुकट. मोबाईलला अक्कल नाही, पण तो पैसे मागत नाही, त्यामुळे माझं निम्मं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं. वाईट वाटतं. उगाच कशाला खोटं बोलू? परवा एकाने आजीचं निधन झाल्याचं स्टेटस ठेवलं, तर मोबाईलने तिच्याभोवती फुगे लावून दिले होते. मला हसू आलं, मग मी आशेने माझी समईची चौकट काढून ठेवली आणि त्याच्या फोनची वाट बघत बसले. तो आलाच नाही. त्याच्या आजीला फुगे बरे दिसत होते म्हणे.

गेलेल्या माणसांचे फोटो करण्यात माझी हयात गेली. आमच्याकडे म्हातारी माणसं फोटो काढून घेत नाहीत. मग ती गेली की घरचे कुणाच्या तरी हळदीतला फोटो आणतात, त्यात कोपऱ्यात आजोबा पंगतीला बसलेले. एका आजोबांचा डावा गाल तंबाखूने टम्म फुगलेला होता. मी मोठ्या कौशल्याने तो गाल सारखा केला. मुलगे खूश झाले. आजीने फोटो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, “ह्यो कोन? माज्या म्हाताऱ्याची तंबाखू कुठं गेली?” मला तो गाल परत फुगवावा लागला. आता आजोबा समईच्या उजेडात तोंडात बार धरून बसलेले आहेत.

पण माझी खरी रोजीरोटी म्हणजे डोक्यांची किनार. ही काय भानगड आहे, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या भागात फुलापानांच्या किनारीने कुणाचं समाधान होत नाही. मधे वाढदिवसाचा पोरगा किंवा नवरानवरी, आणि चारी बाजूंनी गोल गोल खिडक्यांमध्ये भाऊबंदांची डोकी. काका, मामा, आत्या, जावई, मित्र, आणि ज्याची गाडी वापरायला मिळते तो. कोण वर, कोण खाली, कुणाचं डोकं केवढं, यावरून माझ्या दुकानात जेवढी भांडणं झाली तेवढी तहसील कचेरीतही झाली नसतील. फोटोही कसले पाठवतात! गॉगल घातलेले, बुलेटवर बसलेले, कानाला मोबाईल लावलेले. आशीर्वाद द्यायला बसलेला मामा फोनवर बोलतोय, असं दिसतं.

सिद्धगडाच्या पायथ्याचा एक जण शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस घेऊन आला होता. बैल देखणा, शिंगं रंगवलेली. मी सोनेरी किनार काढली, सिंह काढून टाकला, कारण बैलामागे सिंह बरा दिसत नाही. हा म्हणाला, “ताय, शुभेच्छुक ऱ्हायले.” आणि त्याने बाकीच्या शर्यतीच्या बैलांचे फोटो पाठवले. मी गोल खिडक्यांमध्ये मुकाट बैल बसवले. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका बैलाचा मालक तणतणत आला. त्याचा बैल खालच्या ओळीत घेतला होता. “माजा बैल त्याच्या बैलाच्या पायाशी बसनार नाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, बैलाची काही तक्रार आहे का? तर म्हणे, “बैलाला काय कळतंय?” मग मी त्याला वर घेतला.

तर अशा या किनारीपायी मी एका लग्नात मार खाता खाता वाचले. ती गोष्ट सांगते.

किन्हवलीजवळच्या एका गावचे काशिनाथकाका. भातशेती, दोन मुली, आवाज मोठा. धाकटीचं, रेश्माचं लग्न ठरलं होतं. घरात भिंतीवर लावायला चौकट हवी होती. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि भाऊकीचं एकेक डोकं कुठे बसवायचं ते सांगू लागले. सगळ्यांत वर गेलेले आईबाप, त्यांना हार. मग थोरला भाऊ आण्णा आणि वहिनी, मग स्वतः आणि बायको, नवरीच्या अंगाला मामा. एकदा तर ते उठून लांब गेले आणि डोळे बारीक करून म्हणाले, “आण्णाचं डोकं माज्यापेक्षा मोठं दिसतंय.” मी म्हटलं, काका, आण्णांचं डोकंच मोठं आहे. “मंग लांबून घे त्याचा,” असा हुकूम झाला.

सगळे बसले, फक्त थोरली मुलगी मनीषा कुठेच नव्हती. मी विचारलं नाही, कारण सगळ्या शहापूरला माहीत होतं. मनीषा आसनगावच्या एका कंपनीत कामाला होती. तिथल्याच एका मुलाशी तिने रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगा उंबरमाळीकडच्या पाड्यावरचा, जात वेगळी, जमीन नाही. दोघं शहापुरातच भाड्याच्या खोलीत राहायची. काशिनाथकाकांनी मुलीचं नाव टाकलं होतं. तिचा फोन घ्यायचा नाही, तिला घरात घ्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको यमुनाकाकी बाजाराची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. दुकानात कुणी नाही असं बघून ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

“गो ताय, रेश्मीनं तुला एक फोटो पाठवलाय. बग जरा.”

मी मोबाईल बघितला. मनीषाचा फोटो होता. मान जरा वाकडी, तोंड भरून हसू.

“हिला कुठंतरी टाक. एवढुशी. पानाबिनाच्या मागं टाक.”

“काकी, काका मला सोडतील का?”

“त्यांना काय दिसतंय? चष्म्याचा नंबर वाढलाय, सांगत नायत.” मग पदराने उगाच टेबल पुसत म्हणाली, “घरातल्या फोटोत तिच्या तोंडावर त्यांनी गनपतीचं स्टिकर चिकटवलंय. मी रोज त्या गनपतीच्या पाया पडतंय. आता बारक्या बहिनीचं लगीन, न् ही नाय. मांडवात नाय तर नाय, निदान फोटोत तरी असूं दे.”

गिऱ्हाईक काका होते, त्यांच्या चौकटीत त्यांना नको असलेलं डोकं घालणं धंद्याच्या दृष्टीने चूकच. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती बाई माझ्या टेबलाचा तोच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होती आणि मला ते बघवेना. मी चौकट उघडली.

लग्नाच्या प्रत्येक चौकटीत खाली दोन बाजूंना दोन बायका असतात. नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ, हातात ओवाळणीचं ताट, पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या. त्या चित्रातल्या बायका, कुणाच्याच कुणी नाहीत. इतकी वर्षं मी हा धंदा करते, पण त्या बायकांच्या तोंडाकडे एकाही माणसाने बघितलेलं मला आठवत नाही. सगळे आपापलं डोकं शोधण्यात गर्क असतात. मी त्यातल्या डावीकडच्या बाईला मनीषाचं तोंड लावलं. आता या चौकटींमध्ये एक खोड असते. बनवणारा आळशी, तो अर्धीच चौकट बनवतो आणि तीच उलटी करून दुसऱ्या बाजूला जोडतो. डावीकडचं मूळ चित्र बदललं की उजवीकडेही आपोआप बदलतं. त्यामुळे उजवीकडची बाईसुद्धा मनीषा झाली.

यमुनाकाकी पडद्याला नाक लावून बघत राहिली. “दोन दोन मनी,” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसून पिशवी उचलून गेलीसुद्धा. मलाही बरं वाटलं. पडद्यावर मनीषाचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं होतं. भिंतीवरच्या फोटोत तर तेवढंही दिसलं नसतं.

संध्याकाळी काका आले. चष्मा पुसला, एकेक डोकं तपासलं. मामाचा टाय काढायला लावला, कारण मामाने जन्मात टाय घातला नव्हता आणि तो मी हौसेने लावला होता. खालच्या बायकांकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी चौकट बंद करायला गेले, तेवढ्यात ते म्हणाले, “झकास झालंय. आता ह्येच मोठं काढायचा.”

“म्हणजे किती मोठं?”

“मांडवाच्या दाराला लावायचाय. खालच्या आळीतल्यानं पोराच्या लग्नात लावलावता, त्याच्यापेक्षा मोठा पायजे.”

मी म्हटलं, काका, एवढं मोठं केलं की फोटो फाटतात, तोंडं अंधुक येतात. मी बॅनरसाठी वेगळं डिझाइन देते, उद्या या. “वेगळा नको. माजी मानसा एका दिवसात बसवलीत मी, परत कोन बसवील?” मी म्हटलं, निदान रात्रभर ठेवा, रंग नीट करते. “टेम्पो भायेर उभा हाय. आत्ताच दे.” त्यांनी पेनड्राइव्ह माझ्यासमोर धरला. मी चौकट त्यात भरून दिली, दुसरं काय करणार होते? ते हायवेवरच्या बॅनर छापणाऱ्याकडे गेले आणि मी तिथेच हिशेब करत बसले. मोठ्या मापात आण्णांचं डोकं परातीएवढं होणार होतं, आणि ज्या बायका चौकटीत बोटभर होत्या, त्या दारावर हाडामासाच्या माणसाएवढ्या होणार होत्या.

लग्नाला जाऊ नये असं मला फार वाटलं. पण पत्रिका माझ्याच, चौकट माझीच, न गेले असते तर चोर पकडल्यासारखं झालं असतं. हे म्हणाले, “मी टेम्पो चालूच ठेवतो, पळून ये.” नवऱ्याचा एवढाच काय तो आधार.

मांडवाच्या दारावर बॅनर लागला होता, खालचा मधला भाग ये-जा करायला कापून. छापणाऱ्याने काम चोख केलं होतं, मेल्याने एकही तोंड अंधुक येऊ दिलं नव्हतं. वर भाऊकीची डोकी, मधे रेश्मा आणि नवरा, मागे होडी. आणि दाराच्या दोन्ही अंगांना पूर्ण उंचीच्या दोन मनीषा, नऊवारीत, ताट घेऊन, मान वाकडी करून हसत उभ्या. त्या दोघींच्या मधे खुद्द काशिनाथकाका फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत होते. त्यांची पाठ बॅनरकडे होती. सकाळपासून धावपळीत त्यांनी तो नीट बघितलाच नव्हता.

येणारा प्रत्येक जण थांबायचा. आधी आपलं डोकं शोधायचा. ते सापडलं की समाधानाने खाली बघायचा आणि मग काकांची नजर चुकवून आत सटकायचा. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. काकांना वाटत होतं की लोक चौकटीवर खूश आहेत. “आपन स्वतः बसवलीत सगळी,” ते एकाला सांगत होते. यमुनाकाकी आतून मला खुणा करत होती, पण त्या खुणा पळ अशा होत्या की थांब अशा, ते मला कळेना.

शेवटी एक चिमुरडी पोरगी दारात उभी राहून मोठ्याने ओरडली, “आगो आय, मनीताय बग! दोन मनीताय!”

काका वळले. एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. चष्मा काढला, परत घातला. सनईवाल्यानेसुद्धा वाजवायचं थांबवलं, त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. काकांची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर आली. मी टेम्पोच्या दिशेने एक पाऊल मागे सरकले.

काकांनी मला शिव्या देण्याआधीच थोरले आण्णा पुढे झाले. “काशा, उतरव ते,” आण्णा म्हणाले. “नवऱ्याकडचं वऱ्हाड निघालाय. लोक हसतील.”

“उतरवून दाराला काय लावू? बांबू?”

“कापडा लाव. साडी लाव. पन ही नको.”

“तुजा डोका पन जाईल मंग,” काका म्हणाले. आण्णा जरा चपापले. खरोखरच, बॅनर उतरला असता तर सगळी भाऊकीच उतरली असती, गेलेल्या आईबापांसकट. आण्णांनी वर आपल्या डोक्याकडे बघितलं आणि ते बाजूला झाले.

काका पुन्हा बॅनरकडे वळले. त्यांची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. मग ते तसेच, पाठमोरे, बायकोवर ओरडले.

“फोन लाव तिला.”

“कोनाला?” यमुनाकाकी म्हणाली. तिला खरंच ऐकू आलं नसेल, किंवा पुन्हा ऐकायचं असेल.

“मनीला, आनखी कोनाला? वऱ्हाड यायच्या आदी ये म्हनावं. दोन दोन ठिकानी उभी ऱ्हायलीय, तिसऱ्या ठिकानी उभी ऱ्हायाला तिचा काय जातंय?”

यमुनाकाकी फोन शोधेपर्यंत रेश्माने तो लावलासुद्धा. मुंडावळ्या बांधलेली नवरी फोनवर “ये गो, ये गो, बाबा बोलवतान” म्हणून ओरडत होती आणि आत भटजी घड्याळ बघत होते. मी मात्र तिथेच एका खुर्चीवर बसले. काका माझ्याजवळून जाताना म्हणाले, “तुज्याशी मी नंतर बोलतंय.” ते अजून बोललेले नाहीत. आता बोलतील असंही वाटत नाही.

वऱ्हाडाचा बँड लांबून ऐकू यायला लागला तेव्हा मोटारसायकल आली. मनीषा मागे बसलेली. घाईत जी हाताला लागली ती साडी, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिचा नवरा गाडीवरून उतरलाच नाही, हँडल धरून मान खाली घालून राहिला. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण बाजूच्या माणसाला म्हणाले, “उन्हात कशाला थांबलाय तो? गाडी सावलीत लाव म्हनावं न् मांडवात बस.”

मनीषा दारात आली आणि थबकली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ती, दोघीही हसत होत्या. तिने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि तिला जे रडू फुटलं ते आवरेना. यमुनाकाकी ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली, पण मुलीला बघून तिचीही तीच अवस्था झाली. बँड अगदी कोपऱ्यावर आला होता. काकांनी बायकोच्या हातातून ते ताट काढून घेतलं, दिव्याला हाताचा आडोसा केला आणि मुलीच्या हातात दिलं.

“फोटोत येवढी हसतंयस, मंग हितं रडायला काय झालं?” ते म्हणाले. “पावनं आलं. ताट सांभाळ, दिवा विजंल.”